शेजाऱ्यांची जबानी

"उत्तरा इकडं आहे का, वहिनी?"

दार उघडलं तर समोर अविनाश शिखरे. काखेत हेल्मेट, शर्टाची इस्त्री न मोडलेली, चेहऱ्यावर नेहमीचं अर्धं हसू. समोरच्या फ्लॅटमधला हा माणूस, उत्तराचा नवरा, रोज दिवेलागणीला घरी यायचा. आत्ता तर भिंतीवरचं ऊनही खाली उतरलं नव्हतं.

मी ओठांवर बोट ठेवलं. का ठेवलं ते मलाही ठाऊक नव्हतं, हात आपोआप गेला. मग त्या बोटालाच धरून पुढचं सुचलं.

"हळू बोला, दादा. आत आहे ती. रेवाला झोपवतेय. आत्ता कुठं पोरीचा डोळा लागतोय."

बेडरूमचं दार लोटलेलं होतं. त्या दाराआड एक पलंग होता आणि पलंगावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग. उत्तरा नव्हती. रेवाही नव्हती. माझी सव्वा वर्षाची मुलगी उत्तराच्या कडेवर बसून नुकतीच फाटकाबाहेर पडली होती, कॉलनीच्या बागेकडं. बागेच्या मागच्या दाराशी उत्तराचा भाऊ बेळगावहून गाडी घेऊन आला होता. तिथं शेजारच्या बिल्डिंगमधल्या इंदूकाकू रेवाला घेणार, उत्तरा गाडीत बसणार, आणि गाडी निघाली की काकू मला फोन करणार, असं ठरलं होतं. अविनाश असा मध्येच उगवेल, हे कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं.

"मग बसतो की," तो कुजबुजला आणि बूट काढायला वाकला. "डोकं जाम दुखायला लागलं म्हणून लवकर निघालो. तिच्या हातचा चहा पोटात गेल्याशिवाय ते काही उतरायचं नाही."

"मी करते ना चहा."

"तुम्ही कशाला. येईल ती."

तो सोफ्यावर बसला. समोर टीपॉय, टीपॉयवर माझा मोबाईल, आणि त्याच्यापलीकडं ते लोटलेलं दार. मी स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या-भांडं आणलं आणि मधल्या खुर्चीत अशी बसले की दाराकडं जायचं तर त्याला मला ओलांडूनच जावं लागेल.

रेवा आता दहावीला आहे. पण त्या दिवशीचं आठवलं की आजही माझे हात तिला शोधतात. मी मुळातच भित्री आई. बाळाला कुणी पापा घेतला तरी मी ओल्या फडक्यानं गाल पुसणार. माझा नवरा निनाद म्हणायचा, "तुझं चाललं तर तू हिला कपाटात ठेवून कुलूप घालशील." अशी बाई आपलं मूल दुसरीच्या कडेवर देऊन बसली होती, तेही अशा दुसरीच्या, जी आता कधीच परत न येण्यासाठी निघाली होती. पण दुसरा उपाय नव्हता. अविनाशनं वॉचमनला सांगून ठेवलं होतं, "मॅडमची तब्येत बरी नसते. एकट्या बाहेर निघाल्या की मला फोन कर." रेवा कडेवर असली की उत्तरा एकटी धरली जात नसे. रोज चार वाजता ती रेवाला बागेत न्यायची, वॉचमन रेवाला टाटा करायचा, आणि फोन काही जायचा नाही.

"हीच का ती पुस्तकं?" अविनाशनं भिंतीवरच्या फळीकडं हनुवटी उडवली.

"हो."

"खून, दरोडे, विषप्रयोग. राग मानू नका वहिनी, पण तुमच्यासारख्या शिकलेल्या बायकांना दुसरं काही वाचायला मिळत नाही?"

"वाचून तर बघा एकदा."

"सुचवा मग. बघूया तुमची ती ख्याती. उत्तरा म्हणते, वृषालीताई माणूस बघून पुस्तक देतात."

तेवढं खरं होतं. दर बुधवारी दुपारी आम्ही चार-पाच जणी इंदूकाकूंच्या घरी जमायचो. काकू शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि रहस्यकथांचं त्यांना भलतं वेड. नुसतं 'छान आहे, वाच' म्हणून पुस्तक पुढं सरकवलेलं त्यांना चालायचं नाही. ते कुणासाठी आणि का, हे सांगावं लागायचं. "पुस्तक सुचवणं म्हणजे स्थळ सुचवणं," त्या म्हणायच्या. "दोन्हीकडची माहिती नसेल तर मध्ये पडू नये." मला ते जमायचं. कुणाला घाबरायला आवडतं, कुणाला कोडं सोडवायला, कुणाला फक्त शेवटी न्याय झालेला बघायला, ते मी ओळखायचे.

आणि हा समोरचा माणूस मला सहा महिन्यांपूर्वीपर्यंत अजिबात ओळखता आलेला नव्हता.

मी उठले आणि फळीवरून हाताला आलं ते पुस्तक काढलं. सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घातलेली. खुर्चीत बसून मांडीवर घेतल्यावर कळलं, की हे माझं बालसंगोपनाचं पुस्तक आहे. मी ते दोन्ही हातांनी मिटून धरलं.

"हे तुम्हाला आवडेल."

"का?"

"तुम्ही घाई करत नाही म्हणून. याला घाई करणारा वाचक चालत नाही."

तो खूश झाला. अर्धं हसू थोडं रुंदावलं. "काय आहे यात?"

"घाटातला एक डाकबंगला," मी सुरू केलं. असलं पुस्तक मी कधी वाचलेलं नव्हतं. "दरड कोसळून रस्ता बंद झालाय. बंगल्यात सहा माणसं अडकलीत. सकाळी त्यातला एक डॉक्टर खोलीत मेलेला सापडतो. आणि खोलीला आतून कडी."

बोलता बोलता माझं मलाच कळलं की मी काय करून बसले. जगातल्या एवढ्या गोष्टी सोडून मला बंद खोलीचीच सुचावी?

अविनाशनं माझ्या खांद्यावरून बेडरूमच्या दाराकडं पाहिलं.

"फारच शांत झोपवतेय," तो म्हणाला. "अंगाई वगैरे काही नाही."

"अंगाई म्हटली की खेळायला लागते ती. थोपटूनच झोपवावं लागतं."

"हं. बरं, खोलीला कडी. खिडक्या?"

"गजांच्या."

"मग मारणारा गेला कुठून?"

"तेच तर पुस्तक आहे."

"आणा, दोन पानं चाळतो तोवर." त्यानं हात पुढं केला.

मी पुस्तक पोटाशी धरलं. "असं नाही मिळत. आमच्याकडं आधी माणसं समजावून घ्यायची आणि संशय कुणावर ते सांगायचं. मगच पुस्तक हातात."

"हा काय नियम?"

"इंदूकाकूंचा आहे. त्यांच्यापुढं कुणाचं चालतं?"

तो हसला, हात मागं घेतला, पाय लांब केले. डोकेदुखी कुठं दिसत नव्हती. मी त्याला पाच माणसं सांगायला लागले. एक खानसामा, एक विमा एजंट, एक नवरा-बायको, एक फॉरेस्ट ऑफिसर. खानसाम्याला मी निनादच्या काकांचं बोलणं दिलं, एजंटला आमच्या दूधवाल्याच्या मिशा. एक डोळा टीपॉयवरच्या मोबाईलवर. तो काळा, गप्प पडून. बाग ती किती लांब? कोपऱ्यावरच्या वडापासून वळलं की झालं. एव्हाना फोन यायला हवा होता.

"आणि रात्री कुणालाच काही ऐकू आलं नाही?" अविनाशनं विचारलं. "पाच माणसं एका बंगल्यात, आणि शेजारच्या खोलीत माणूस मरतो?"

"सगळे म्हणतात, काहीच ऐकलं नाही."

"खोटं बोलतात."

"नाही," मी म्हटलं. "बरेचदा खरंच बोलतात."

उत्तरा आमच्या बुधवारात आली ती असंच विचारत. तिला कादंबऱ्या नको असायच्या. खऱ्या घडलेल्या गुन्ह्यांचीच पुस्तकं हवीत, आणि त्यातही एक अट. "ज्यात शेजाऱ्यांच्या जबान्या आहेत असं द्या ना, ताई." मी दिलं. तिनं ते वाचून परत केलं, दुसरं मागितलं, अट तीच. नवऱ्यानं बायकोला संपवलेलं, दिरानं भावजयीला, बायकोनं नवऱ्याला विष घातलेलं. काकू एकदा ती गेल्यावर म्हणाल्या, "हिचा अभ्यासक्रम काही मला बरा दिसत नाही हो. शिखऱ्यांच्या ताटात काय पडतंय, लक्ष ठेवायला पाहिजे." आम्ही हसलो. पण मी घरी येऊन उत्तरानं रेवासाठी पाठवलेली नाचणीची खीर हुंगून बघितली आणि मोरीत ओतली.

रहस्यकथा वाचणाऱ्यांना एक खोड लागते. जो पहिल्या पानापासून उघडउघड दिसतो, त्याला आम्ही आधी सोडून देतो. तो कधीच नसतो, लेखक एवढा सोपा नसतो. वॉचमनला दिलेली ती सूचना आम्हा सगळ्यांना माहीत होती. उत्तराकडं फोन नाही, हेही माहीत होतं. अविनाशनंच ते आम्हाला सांगितलं होतं, काळजीच्या सुरात. एवढं समोर होतं म्हणूनच आम्ही त्याच्यावर फुली मारली आणि जी गप्प बसून वाचत होती, तिच्यावर नजर ठेवली.

मग एका दुपारी ती माझ्या गॅलरीत पाय पसरून बसली होती, मी दुपटी घडी घालत होते. ती पुस्तकातलं मोठ्यानं वाचायला लागली. "'माणूस एकदम शांत होता. आम्ही कधी साधा वरचा आवाजसुद्धा ऐकला नाही.' ताई, हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असतं. गाव वेगळं, माणसं वेगळी, आणि शेजाऱ्यांची जबानी मात्र हीच." तिनं पुस्तक मिटलं. "उद्या पोलीस तुमच्याकडं आले, तर तुम्ही काय सांगाल?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेच वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. शब्दन् शब्द.

तिनं कुडत्याची बाही वर केली. सांगलीच्या मे महिन्यात पूर्ण बाह्यांचे कुडते घालणारी ही बाई मला हौशी वाटायची. दंडापासून कोपरापर्यंत नुसते काळेनिळे वळ. "आवाज होत नाही," ती म्हणाली. "तो रेडिओही लावत नाही. भाऊ मागं आला होता, त्याला पोहे खाऊ घातले यानं. भाऊ जाताना मला म्हणतो, दाजी देवमाणूस आहेत, जरा समजून घेत जा."

या वेळी तिच्या भावाला फोन केला तो मी, वळांचं सगळं सांगून, माझ्या मोबाईलवरून. आणि रेवाला न्यायची कल्पनाही माझीच. उत्तरा नको म्हणत होती.

"वहिनी?"

मी दचकले. अविनाश माझ्याकडं निरखून बघत होता.

"कुठं हरवलात? खानसाम्यापाशी होता तुम्ही."

"हो. खानसामा."

"एक बोलू?" त्यानं आवाज आणखी खाली आणला. "पुस्तकाचं राहू द्या. तुम्ही उत्तराकडं बाळ देता ते बघून मला बरेच दिवस सांगायचं होतं. घरातली गोष्ट, जीभ रेटत नाही."

"काय?"

"इचलकरंजीला होतो आम्ही, तिथं शेजारी असंच एक बाळ होतं. आमचं मूल राहिलं नाही, तेव्हापासून हिच्या डोक्याचं जरा... एक दिवस त्या बाळाला घेऊन ही बाहेर पडली, ती परत आलीच नाही. संध्याकाळी स्टँडवर सापडली. त्या लोकांनी पोलीस केस केली नाही, त्यांचे उपकार. पण ती जागा आम्हाला सोडावी लागली. कुणाला बोलू नका. हिला मूल दिसलं की भान राहत नाही. बाहेर पाठवू नका तिच्याबरोबर, एवढंच."

मी मोबाईलकडं बघितलं. फोन आला नव्हता. बाग कोपऱ्यावर होती आणि फोन आला नव्हता. उत्तराचा भाऊ म्हणून जो माणूस बोलला, तो मी कुठं डोळ्यांनी बघितला होता? बेळगावचा नंबर, एक पुरुषी आवाज. आणि रेवाला न्यायचं माझ्या डोक्यात आलं तरी कसं? उत्तरा नको म्हणाली म्हणून तर मी हट्टाला पेटले नव्हते ना?

एक वाक्य बोलायचं होतं फक्त. ती आत नाहीये, दादा, ती बागेत आहे. हा पळत सुटला असता. त्याच्याकडं मोटरसायकल होती. माझी मुलगी मला मिळाली असती.

मी तोंड उघडलंही होतं.

आणि अविनाशनं पाण्याचं भांडं उचललं, दोन घोट घेतले, खाली ठेवताना भांड्याचा तळ हातानं पुसला, टीपॉयला ओल लागू नये म्हणून.

मी बघत राहिले. याच्या हिशेबानं उत्तरा आत्ता त्या दाराआड होती, माझ्या मुलीबरोबर, एकटी. हिला मूल दिसलं की भान राहत नाही, असं याचंच म्हणणं. आणि हा माणूस पाय लांब करून पाणी पीत होता. दाराकडं त्याची नजरसुद्धा गेली नव्हती. जे सांगितलं त्यावर ज्याचा विश्वास असेल, तो आधी दार उघडेल, मग बोलेल.

"अरे बापरे," मी म्हटलं. "बरं झालं सांगितलंत. यापुढं लक्ष ठेवेन. तर तो खानसामा, त्याच्याबद्दल एक गोष्ट कुणालाच माहीत नसते."

मोबाईल थरथरला. मी उचलायच्या आत त्यानं उचलला, नाव वाचलं आणि माझ्या हातात दिला. "इंदूकाकू."

"हं, काकू."

"रेवा माझ्याकडं आहे," काकूंना दम लागला होता. "उशीर झाला बाई, पोरगी तिला सोडेना. गाडी आत्ता निघाली. तू खाली ये."

"काकू, मी जरा कामात आहे. अविनाशदादा बसलेत. त्यांना पुस्तक सुचवतेय."

काकूंच्या लगेच ध्यानात आलं. मग काकू म्हणाल्या, "हायवेला लागू दे त्यांना. तोवर लांबण लाव."

मी फोन मांडीवर ठेवला. माझं माणूस मला मिळालं होतं. आता उठून दार उघडून दाखवलं असतं, तरी रेवाच्या केसाला धक्का लागणार नव्हता. कोपऱ्यावरून निघालेली गाडी रेल्वे फाटकावर अडली तर, मोटरसायकलनं गाठली तर, जे व्हायचं ते उत्तराचं झालं असतं.

"कुठं होतो आपण?" मी विचारलं.

"खानसाम्यापाशी."

मी खानसाम्याला एक पहिली बायको दिली. विमा एजंटाच्या बॅगेत दुसऱ्याच नावाची तिकिटं निघाली. फॉरेस्ट ऑफिसरचा कुत्रा रात्री भुंकला नाही, मग तो का भुंकला नाही यावर मी एवढं बोलले की माझाच घसा सुकला. अविनाश मध्ये मध्ये तर्क करत होता आणि बरे करत होता. त्याचा संशय बायकोवर होता. "गप्प बसतात त्याच," तो म्हणाला.

शेवटी त्यानं घड्याळ बघितलं आणि उठला. "झोपली असेल आता. उत्तराला हाक मारतो."

मी उठले नाही. थोपवायला माझ्याकडं आता काही उरलं नव्हतं, आणि तशी गरजही वाटली नाही. तो मला वळसा घालून गेला. दार हळूच, बाळ उठू नये अशा बेतानं ढकललं.

त्यानं उंबऱ्यातूनच पलंगावरचा कपड्यांचा ढीग बघितला. मग दार पुन्हा लोटून परत आला, सोफ्याजवळ बसून बूट घातले, नाड्या व्यवस्थित बांधल्या. हेल्मेट उचललं. खोलीत झोपलेलं बाळ नव्हतं तरी तो कुजबुजतच होता.

"वहिनी, तुम्हालाही लहान मुलगी आहे."

"आहे," मी म्हटलं.

तो जिना उतरला. धावत नव्हता. खाली वॉचमनशी बोलल्याचं ऐकू आलं, मग मोटरसायकल सुरू झाल्याचं. ती बागेच्या दिशेनं गेली. मी मोजून श्वास घेतले, किल्ली घेऊन दार ओढलं आणि दुसऱ्या बाजूनं, मागच्या जिन्यानं काकूंच्या बिल्डिंगकडं पळत सुटले. पायात चपला नाहीत हे तिथं पोचल्यावर कळलं.

रेवा काकूंच्या मांडीवर झोपली होती. तोंडाला बिस्किटाचा चुरा, आणि दोन्ही मुठींत एक पिवळी, बारीक बुट्ट्यांची ओढणी गच्च धरलेली.

"सोडेचना," काकू म्हणाल्या. "भावाचं घाई कर, घाई कर चाललेलं. मी मुठी सोडवायला गेले तर ही भोकाड पसरायला लागली. तेव्हा उत्तरानं ओढणीच काढून दिली. तशीच गेली बिचारी, बिनओढणीची."

मी रेवाला खांद्यावर घेतलं. निनाद येईपर्यंत काकूंकडंच थांबावं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "माझं घर आहे ते. मी का थांबू?" मग काकूही गुडघे धरत माझ्यामागून जिना चढल्या. त्यांना मी नको म्हटलं नाही.

आमच्या मजल्यावर समोरचं दार उघडं होतं. अविनाश चौकटीला टेकून उभा. केस वाऱ्यानं विस्कटलेले, मी पहिल्यांदाच तसे बघितले. त्याची नजर माझ्यावरून रेवाकडं गेली आणि रेवाच्या मुठींवर थांबली. ओढणीचं एक टोक माझ्या पाठीवरून खाली लोंबत होतं.

"ही ओढणी उत्तराची आहे," तो म्हणाला. यावेळी कुजबुजला नाही.

मी माझ्या दाराची किल्ली फिरवली. काकूंना आधी आत जाऊ दिलं.

"नाही," मी म्हटलं. "माझ्या मुलीची आहे."